दुसऱ्या भागातला माणूस

दादा, तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, वैनीनं शेजारची मोठी पातेली घासून परत केली आणि घर एकदम मोठं झालं. या दिवसांत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं, ‘सुटला बिचारा.’ मी मान हलवत राहिले. मला खरं तर सांगायचं होतं की माझा भाऊ सुटायची घाई करणाऱ्यांतला नव्हता. तो कधी सिनेमा अर्धवट टाकून उठला नाही. पडद्यावरची शेवटची नावं संपून दिवे लागायचे, झाडूवाला रांगेत शिरायचा, तरी तू खुर्चीत बसून असायचास आणि मी दाराशी चिडून उभी.

आणि सिनेमातही तुला हवा असायचा तो भाग दोन. सगळं जग म्हणायचं की पहिला तो पहिला, दुसरा म्हणजे उष्टं पुन्हा गरम करून वाढलेलं. तू एकटा उलटा. वाळूजच्या कंपनीत पाळी संपवून आलास की पेपरात आधी सिनेमाचं पान उघडायचास आणि नावापुढं ‘दोन’ दिसलं की तुझा चेहरा उजळायचा. त्या पोलिसाच्या सिनेमात पहिल्या भागात मेलेल्या हिरोचा जुळा भाऊ दुसऱ्या भागात उगवला, तेव्हासुद्धा तू त्याची बाजू घेतलीस. मी म्हटलं, ‘दादा, हा भाऊ पहिल्या भागात कुठं होता?’ तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, ‘शिकायला बाहेरगावी असंल.’ वैनी हसून हसून पाटावर बसली होती.

पण या वादाची सुरुवात हसण्यासारखी नव्हती, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं.

मी नववीत होते. आपण फुलंब्रीला राहायचो आणि आबा तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाची जीप चालवायचे. त्यांच्या हाताला लोक नावाजायचे. भरल्या ग्लासातलं पाणी सांडणार नाही अशी गाडी नेतो, असं म्हणायचे. त्या उन्हाळ्यात आबांचा उजवा हात स्वतःच्या मनानं हलायला लागला होता. बोटं उगाच उडायची, पेटी वाजवल्यासारखी. आबा तो हात मांडीखाली दाबून बसायचे. मायनं एकदा विचारलं, ‘काय व्हायलंय हाताला?’ ते म्हणाले, ‘काय नाय, झिणझिण्या.’ त्यानंतर कुणी विचारलं नाही.

एक दिवस तू मला वह्या आणायच्या म्हणून औरंगाबादला घेऊन आलास आणि वह्यांच्या दुकानाऐवजी थेटरात शिरलास. घाटातल्या बंगल्याचा सिनेमा होता, भाग दुसरा. पहिला मी पाहिला नव्हता. दिवे जायच्या आत तू मला तो भराभर सांगितलास. काही मित्र सहलीला येतात, गाणी म्हणतात, ओढ्यात पाणी उडवतात, बंगल्यात जिन्याखाली एक कडी लावलेलं दार असतं, एक जण ते उघडतो, पुढं कुणीच परत जात नाही. मग पडद्यावर दुसरा सुरू झाला. त्या मित्रांपैकी एकाची बहीण बऱ्याच वर्षांनी एकटी त्या घाटात उतरते. खालच्या वस्तीतला म्हातारा तिला सगळं सांगतो. कोणती पायरी वाजते, कडी कशी निघते, आत काय आहे. ती सगळं ऐकून घेते, पदर खोचते आणि वर चालू लागते. मध्यंतरापर्यंत शिट्ट्या मारणारं पब्लिक त्या चढणीवर गप्प झालं होतं. मी तुझी बाही धरली होती, तर तुझाच हात गार लागला.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, ‘पहिलाच चांगला असंल. यात सगळं आधीच कळतंय.’

‘म्हणूनच हा चांगलाय,’ तू म्हणालास. ‘पहिल्यात बंगला दाखवण्यातच अर्धा सिनेमा जातोय.’

एवढाच तुझा मुद्दा होता तेव्हा. घरी पोचलो तर दारात माणसं. आबांनी कारखान्याच्या आवारातच जीप भिंतीवर घातली होती. कुणाला लागलं नव्हतं. आबा ओट्यावर बसले होते आणि माय सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडाचा वास घेत होती. आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मालकाचा माणूस म्हणाला, ‘शेठनी सांगितलंय, उद्यापासून येऊ नका.’ आबांनी उठायचा प्रयत्न केला. त्यांचे पाय असे पडले की गर्दीतलं कुणीतरी हसलं.

त्यापुढचं मी कधी कुणापाशी बोलले नाही. तूही नाही. चालताना आबांचा झोक जाऊ लागला तेव्हा लोकांनी बेवडा ठरवलं. ताट फेकायला लागले तेव्हा बाहेरचं काही लागलं म्हणाले. एका बाबाकडं नेलं, एका दर्ग्यावर नेलं, एका देवीपुढं बसवलं. कुठं धुरी दिली, कुठं फटके. आबांचं अंग थांबायचं नाही. मग मागच्या खोलीत बाज टाकली, आणि ते पडून डोकं फोडून घेतात म्हणून त्यांना नवारीच्या पट्ट्यांनी बांधलं. आवाज रस्त्यावर जातो म्हणून दार लावून घेतलं. कडी बाहेरून होती. शाळेतून आले की मी आधी त्या कडीकडं बघायचे. आतून बाज करकरत असायची. ती करकर ज्या दिवशी ऐकू आली नाही, त्या दिवशी आत जायला घरातलं कुणी पुढं होईना. शेवटी तू आत गेलास.

त्याआधीच्या थंडीत एका दुपारी शेजारची म्हातारी मायजवळ येऊन बसली होती. आपण दोघं दारात शेंगा फोडत होतो. ती म्हणाली, ‘ह्याचा बापबी असाच गेला. निजाम गेला त्या पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत भ्याला, डोक्यात गेलं, असं म्हणायचे सगळे. पण हात त्याचे आधीपासूनच उडत व्हते.’

मायनं ते झटकून टाकलं. तू शेंगा फोडायचा थांबलास. मी तुझ्याकडं पाहिलं आणि तू दुसरीकडं बघायला लागलास. आपण ज्याला पहिला भाग समजत होतो तो पहिला नव्हताच, हे त्या दुपारी आपल्याला कळलं. तो किती मागं सुरू झाला होता, कोण जाणे.

मी लग्न केलं नाही. शाळेत नोकरी, घरात माय, म्हणून राहून गेलं असं लोक समजतात. कारण तुला माहीत होतं. तू कधी विचारलं नाहीस, कधी आग्रहही केला नाहीस. तुझं लग्न झाल्यावर एकदा तू मात्र मला थेटराबाहेर विचारलंस, ‘मी चुकलो का गं सुमे?’ रोहन तेव्हा वैनीच्या पोटात होता. मी म्हणाले, ‘आपल्याला नक्की काय माहीत आहे?’ तेव्हा खरोखरच काही माहीत नव्हतं. एका म्हातारीचं बोलणं, एवढंच.

मग बरीच वर्षं काही झालं नाही. आपण शहरात आलो. तू सिडकोत घर केलंस, मी जवळच खोली घेतली. रविवारी मी आणि माय तुझ्याकडं जेवायला. दुपारी सिनेमा, संध्याकाळी भांडण. चाळिशी गेली, पन्नाशी आली. तू हसायला लागलास की मला वाटायचं, वाचलो आपण.

तो रविवार साधा होता. वैनीनं मासवड्या केल्या होत्या. जेवताना मला टेबलाखाली काहीतरी जाणवलं. तुझा पाय हलत होता. ठेका धरल्यासारखा नव्हता. आत्ता एक, मग काहीच नाही, मग दोन. मी वर पाहिलं. वैनी ताटाकडं बघत होती, म्हणजे तिनंही आधीच पाहिलं होतं. माय भात कालवायची थांबली. तिला टेबलाखालचं दिसत नव्हतं. तिला फक्त लाकडावर होणारा तो बारीक आवाज येत होता, आणि तो तिनं ओळखला.

‘काय बघायलीस?’ तू म्हणालास.

‘काही नाही.’

‘मलाबी दिसतोय तो, सुमे,’ तू म्हणालास आणि आणखी एक वडी वाढून घेतलीस.

मेंदूच्या डॉक्टरांकडं तू स्वतः गेलास. रक्त दिलंस. निकालाच्या दिवशी मला बरोबर नेलंस. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शब्द जपून वापरत होत्या. त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. आबांना जे झालं होतं त्याला नाव होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रक्तातून येतो, म्हणाल्या. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. औषधानं हालचाल थोडी कमी होते, आजार थांबत नाही. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘तुम्ही सख्ख्या बहीण का?’ मी हो म्हणायच्या आत तू म्हणालास, ‘मॅडम, आज माझंच बोलू.’

बाहेर गाडीवर आपण चहा घेतला. तू अर्धाच कप मागितलास, सांडू नये म्हणून. पहिला घोट घेतलास. मग तू त्या घाटातल्या बंगल्याचं काढलंस. मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

‘सुमे, पहिल्या भागातला माणूस दार उघडतोय, कारण त्याला काय माहीतच नसतंय. त्याचं कसलं कौतुक? दुसऱ्या भागातल्याला आत काय हाय ते ठाऊक असतंय. तरी तो जातोय. म्हणून दुसरा चांगला. इतकी वर्षं मला नीट सांगता येत नव्हतं बघ.’

‘मरतो तरी ना तो?’ मी म्हणाले.

‘मरतेत की सगळेच. कसा मरतोय ते बघायला लोक तिकीट काढतेत.’

आणि तू हसलास. मला रस्त्यातच रडू आलं, तर तू माझा कप धरलास. दोन्ही कपांतला चहा सांडला.

त्यानंतर तू जे केलंस ते मी जवळून पाहिलं. आधी तू गल्लीत सगळ्यांना सांगितलंस. किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला, कंपनीतल्या पोरांना. ‘माझा झोक जातोय तो दारूमुळं नाय. हा आजार हाय. पडलो तर उचला, घाबरू नका.’ आबांना हसणाऱ्या गर्दीचा तू असा आधीच बंदोबस्त केलास. मग खोली निवडलीस. वैनी म्हणत होती मागची, निवांत पडाल. तू पुढची मागितलीस, रस्त्यावरच्या खिडकीची, आणि तिच्या दाराची कडी पान्यानं काढून टाकलीस. बाज नको म्हणालास. जमिनीवरच गाद्या अंथरायच्या, भिंतींना उश्या लावायच्या. ‘मला बांधायचं नाय. काय वाटेल ते झालं तरी.’

वैनीला तू समोर बसवून सांगितलंस, ‘पुढं मी तुझ्यावर ओरडीन. हातातलं फेकीन. तेव्हा बाजूला व्हायचं आणि दार उघडं ठेवून जायचं. नंतर यायचं.’ वैनी म्हणाली, ‘तुम्ही असं कधी वागला नाही.’ तू म्हणालास, ‘आबाबी नव्हते वागले.’

आणि ते सगळं आलं, दादा. तू जसं सांगितलं होतंस त्याच क्रमानं आलं. तेच जास्त भयंकर होतं. बाहेर ऊन असायचं, पोरं क्रिकेट खेळायची, आणि आम्ही पुढच्या गोष्टीची वाट बघायचो. आधी जेवताना ठसका लागू लागला. मग सही करता येईना. मग एका सकाळी वैनीच्या कपाळाला वाटी लागली. ती बाजूला झाली, दार उघडं ठेवलं, ओट्यावर येऊन बसली आणि मला म्हणाली, ‘हे मला माहीत होतं. तरी लागतंच.’

ऐंशीला टेकलेली माय रोज तुझ्याजवळ येऊन बसायची. तुला खिमट भरवायची. तुझी मान हलेल तशी ती चमचा हलवायची, आणि एकदम नेम धरून घास आत. एक दिवस भरवता भरवता तिचा हात थांबला. ती तुझ्याकडं बघत म्हणाली, ‘ह्याच्या बापाला असं बसवता आलं असतं.’ मग चमचा वाटीत ठेवून, ‘मला कुणी सांगितलंच नाय रं.’ तू तोपर्यंत नीट बोलू शकत नव्हतास. तुझा तो उडणारा हात तू तिच्या मांडीवर टाकलास, आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. थांबवला नाही, नुसता धरून ठेवला. आबांचा हात असा कुणी धरला नव्हता.

आपलं भांडण तेवढं मिटलं नाही. रोहनला तू सगळं स्वतः सांगितलंस, त्याच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा. तो पुण्याहून आला होता, ऐकून त्याच रात्री परत गेला. तुझं म्हणणं, त्यानं रक्त तपासून घ्यावं. माझं म्हणणं, कशाला? मी तुझ्याच सिनेमावर बोट ठेवलं. ‘पहिल्या भागात सुरुवातीला माणसं सहलीला आलेली असतात. गाणी म्हणतात, एकमेकांवर पाणी उडवतात. दुसऱ्या भागाला ते नाही मिळत, दादा. ते पोराला मिळू दे.’

‘आन् मागं ते दार हाय, त्याचं काय?’

‘नसेलही. निम्मी शक्यता नसण्याची आहे.’

‘मग तेबी कळू दे की त्याला.’

तू चिडलास. शब्द अडकायला लागले तसा आणखी चिडलास. तू मला कधी माझ्या तपासणीबद्दल विचारलं नाहीस. रोहनसाठी भांडलास, आणि मी समोर बसलेली असताना माझ्याबद्दल एक अक्षर नाही. किती वेळा ते तुझ्या ओठांवर आलं असेल, मला दिसायचं. त्या न विचारण्याचे माझ्यावर उपकार आहेत, आणि रागही आहे.

दिवाळीत रोहन घरी आला आणि त्यानं लॅपटॉपवर ते दोन्ही भाग कुठूनतरी मिळवून लावले. इतक्या वर्षांनी मी तो पहिला भाग पहिल्यांदा पाहिला. सहलीचं गाणं लागलं. पोरं ओढ्यात नाचत होती आणि तू हसायला लागलास. तुझं हसू तेव्हा लवकर थांबायचं नाही. वैनी तोंडाला पदर लावून आत गेली. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, ‘काय, पहिला चांगला का?’ तू मान हलवलीस. पण तुझी मान तर सारखीच हलत होती. हो म्हणालास की नाही, ते मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तसंच केलंस आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावलेस. का तेही आपोआपच झालं होतं?

छातीत कफ भरला तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्यात नळ्या घालायचं विचारलं. तू ते आधीच नाही म्हणून ठेवलं होतंस. दुपारची वेळ होती. दार उघडं होतं. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि चपला काढून आत येऊन बसला. माय डोक्याशी, वैनी पायाशी, रोहननं तुला पाठीमागून धरलं होतं. शेवटी तुझं अंग थांबलं. इतक्या वर्षांत तुला स्थिर पाहिलंच नव्हतं, आणि मला तू क्षणभर ओळखू आला नाहीस. आबा गेले तेव्हा मी कडीबाहेर उभी होते. या वेळी मी आत होते, दादा. एवढं मला मिळालं ते तुझ्यामुळं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रोहन माझ्याकडं आला. चहा केला तर घेईना. म्हणाला, ‘आत्या, मी इतके दिवस तुझ्या बाजूनं होतो. पण बाबांसारखं करायचं असलं तर आधी कळायला पाहिजे ना. नसलं तर नाही. असलं तर तयारीला वेळ पाहिजे.’ मी त्याचा कप झाकून ठेवला. तो म्हणाला, ‘मला एकट्याला जायचं नाय.’

आज सकाळी आम्ही गेलो. त्याच डॉक्टरीणबाई, आता केस पांढरे व्हायला लागलेत. त्यांनी रोहनला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. निकालाला काही आठवडे लागतात. मधल्या काळात कधीही मन बदललं तर लिफाफा न उघडता परत जाता येतं. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि विचारत नव्हत्या. या वेळी मधे पडून बोलायला तू नव्हतास.

मी माझं सगळं आयुष्य सहलीतही काढलं नाही आणि बंगल्यातही गेले नाही. घाटाच्या पायथ्याला उभी राहिले. हे मला डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

शेजारच्या खोलीत सिस्टरनं दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक रक्त देणाऱ्याची, एक सोबत्याची. रोहननं शर्टाची बाही वर करायला घेतली. त्याची बोटं थरथरत होती. भीतीनं थरथरतात तशी, का दुसऱ्या कशानं, ते मी निरखून बघितलं नाही.

‘पेशंट कोण?’ सिस्टरनं विचारलं.

मी त्याच्या आधी रक्त देणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि हात पुढं केला. ‘दोघं आहोत,’ मी म्हणाले. ‘आधी माझं घ्या.’